एनिडच्या फर्नची पिवळी पानं

मूनटा
२ ऑगस्ट १९७६

प्रिय थोरा,

तुझ्या त्या फर्न मंडळाची मी गेली वीस वर्षं टिंगल करत आलोय. म्हाताऱ्या बायका जमतात, केक खातात आणि पानांना नावं ठेवतात, असं मी म्हणायचो आणि एनिड मला गप्प बसवायची. आज ती सगळी टिंगल मागे घेतो. मला तुझी गरज आहे.

एनिडचं फर्न पिवळं पडतंय. तेच, आमच्या लग्नात तू दिलेलं. पंचेचाळीस वर्षं ते मागच्या व्हरांड्यात, पाण्याच्या टाकीच्या सावलीला त्याच कुंडीत आहे. दुष्काळ आले, धुळीची वादळं आली, लॉर्नाने पाच वर्षांची असताना कात्री घेऊन त्याचे केस कापले, तरी ते पुन्हा उभं राहिलं. एनिडला जाऊन चौदा महिने झाले, तेही त्याने निभावले. आणि आता गेल्या तीन आठवड्यांत बघता बघता सगळं पिवळं. एखाददुसरं पान असतं तर मी तुला त्रास दिला नसता.

आता खरी गोष्ट सांगतो. जूनमध्ये लॉर्ना आली, तेव्हा मी पातेलं जाळलं होतं. एकच पातेलं, पण तिने ते असं हातात धरलं की जणू मी घरच जाळलंय. म्हणाली, "डॅड, आमच्याकडे ॲडलेडला एक खोली रिकामी आहे." मी म्हटलं, मी माझं बघू शकतो. तिने व्हरांड्यात बघितलं आणि म्हणाली, "ठीक आहे. ऑक्टोबरच्या जोडून सुट्टीत मी येईन. आईचं फर्न असंच हिरवंगार असेल तर हा विषय पुन्हा काढणार नाही. नसेल तर तुम्ही मुकाट्याने सामान बांधायचं." आम्ही हात मिळवले. तेव्हा मला वाटलं, फारच सोपं आहे.

त्या खोलीच्या खिडकीतून शेजाऱ्याची भिंत दिसते, थोरा. विटांची. मी तिथे मरून जाईन.

तेव्हा काय करायचं ते सांग. आणि लॉर्नाला यातलं अवाक्षर कळता कामा नये, शब्द दे. फोन करू नकोस. मला निम्मं ऐकू येत नाही आणि एक्स्चेंजमधली मुलगी सगळं ऐकते.

तुझा
क्लेम

ओलिंडा
७ ऑगस्ट १९७६

प्रिय क्लेम,

माफी लिहून आली, मी ती मंडळाच्या वहीत चिकटवणार आहे. शब्द दिला. लॉर्नाला कळणार नाही.

आता कामाला लागू. ऑक्टोबरपर्यंत नऊ आठवडे आहेत आणि मी याहून वाईट अवस्थेतली झाडं वाचवली आहेत. तुझी मोठी बहीण म्हणून सांगते, तू फक्त सांगेन ते कर, तुझं डोकं चालवू नकोस. झाड आजारी पडलं की लोक पानाकडे बघतात. आम्ही आधी घराकडे बघतो. म्हणून मला नीट उत्तरं दे. पाणी टाकीतलं घालतोस की नळाचं? तुमच्याकडच्या नळाच्या पाण्यात चुना फार, फर्नला तो चालत नाही. कुंडी हलवलीस का? ऊन किती वेळ लागतं? खत घातलंस का, किती? पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून सुरू झाला की वरच्या कोवळ्या?

आणि चहा. एनिडबद्दल आता काही वाईट बोलायचं नाही, पण किटलीतला उरलेला थंड चहा त्या झाडाला घालायची तिची सवय मला कधीच पटली नाही. पंचेचाळीस वर्षं मी तिला सांगितलं आणि पंचेचाळीस वर्षं तिने हसून किटली ओतली. तू अजून घालत असशील तर आजपासून बंद.

भिंग घेऊन पानाच्या मागच्या बाजूला बघ. चिकट, खवल्यांसारखे किडे देठाला धरून असतील तर कळव. पानाच्या कडेला ओळीने तपकिरी ठिपके दिसतील, ते किडे नव्हेत, ते त्याचं बी समज. ते खरवडू नकोस. मंडळात आलेला प्रत्येक नवखा माणूस ते खरवडतो.

थोरा

मूनटा
१२ ऑगस्ट १९७६

प्रिय थोरा,

पहिली दोन पानं वाचून मी भिंग घेऊन गेलो आणि एक फांदी खरवडून साफ केली. परत येऊन तिसरं पान वाचलं. दुसऱ्या वेळी पत्र लिहिताना महत्त्वाचं आधी लिहीत जा.

उत्तरं घे. पाणी टाकीतलंच. कुंडी हलवलेली नाही. ऊन सकाळचं तासभर. किडे नाहीत. पिवळेपणा खालून वरून असा नाही, सगळीकडे एकदम, जणू कोणी वरून एकच पातळ हात मारलाय. आणि पिवळा म्हणजे पिवळा, थोरा. मी चाळीस वर्षं या गावाची घरं रंगवली. मला रंग शिकवू नकोस.

खत अजिबात नाही. मी जेवतो त्याहूनही त्या झाडाला कमी घालतो, आणि माझं जेवण सध्या चिमणीएवढं आहे. मांस भरलेल्या पेस्टीचा वास आला तरी पोटात ढवळतं. या घरात दुप्पट जातं ते एकच, माझ्या हृदयाच्या गोळ्या. जुने डॉक्टर गेले, नवीन पोरसवदा डॉक्टर आलाय, त्याने नवी बाटली दिली. जुनी अर्धी भरलेली होती. चांगलं औषध फेकायचं कसं? म्हणून रोज दोन्हीतली एकेक घेतो. एनिडने माझ्याकडून हेच करवून घेतलं असतं.

चहा बंद केला. वाईट वाटलं. रोज सकाळी किटली उचलून मागच्या दाराशी जातो आणि मग आठवतं.

माझा अंदाज सांगू? हवेतच काहीतरी आहे. एनिडचे पांढरे पडदे पिवळट झालेत. मी नीळ घालून तीनदा धुतले, काही उपयोग नाही. कुंपणावर काळा-पांढरा मॅगपाय पक्षी बसतो, त्याचा पांढरा भागसुद्धा लोण्यासारखा दिसतो. जुन्या खाणींकडची धूळ असणार. झाडही तेच खातंय.

शेजारच्या नॅनकिव्हेलबाईंना झाड दाखवलं. म्हणाल्या, "किती छान दिसतंय, क्लेम." त्या बाईंचं मी काही मनावर घेत नाही. एनिड जायच्या आठवडाभर आधीही त्यांनी तिला हेच सांगितलं होतं. तरी मनाने चांगल्या आहेत. त्यांचं पुढचं कुंपण मी पांढरं रंगवून देतोय. दुकानातला पांढरा डब्यातूनच पिवळट निघाला, त्यात चांगला निळा कालवत बसावं लागलं, तेव्हा कुठे पांढरा झाला.

क्लेम

ओलिंडा
१७ ऑगस्ट १९७६

प्रिय क्लेम,

तुझ्या पोटाचं आपण नंतर बघू, आधी पानांचं बोल. एका वेळी एकच रोगी घ्यावा, नाहीतर दोन्हीकडे घोळ होतो.

पडद्यांचं सांगितलंस ते बरं केलंस. मंडळात वाचून दाखवलं. सगळ्यांचं एकमत पडलं, समुद्रावरचा खारा वारा आणि धूळ. पंचेचाळीस वर्षं तो वारा का लागला नाही असं उनाने विचारलं. उना ही आमची नवी सभासद, आधी इस्पितळात मोठी नर्स होती, तिला प्रत्येक गोष्टीत शंका. मी म्हटलं, मागे कुंपणाला दाट झुडपं होती ती क्लेमने गेल्या वर्षी तोडली. तोडलीस ना? तेच कारण.

तेव्हा कुंडी व्हरांड्यातून उचल आणि न्हाणीघरात ने. तिथे वारा नाही, वाफ आहे, उन्हाची, उत्तरेची खिडकी नाही. पानांवर टाकीचं पाणी फवारून मीठ धुऊन काढ. मग चहाच्या चमच्याने एक चमचा एप्सम सॉल्ट दोन शेर पाण्यात विरघळवून घाल, आठवड्यातून एकदाच. एकदाच म्हणजे एकदाच, तुझा हात सैल आहे.

नॅनकिव्हेलबाईंकडे दुर्लक्ष कर. ज्यांना पिवळं पान दिसत नाही अशा बाया आमच्या मंडळातही दोन आहेत.

थोरा

मूनटा
२४ ऑगस्ट १९७६

प्रिय थोरा,

कुंडी न्हाणीघरात नेली. बारा पावलांचं अंतर. वाटेत दोनदा टेकलो आणि पोहोचल्यावर टबच्या काठावर अर्धा तास बसून राहिलो. कुंडी वाढलेली नाही, तेव्हा मीच आटलोय म्हणायचं. एप्सम सॉल्ट घातलं, एकदाच. फवारलं. चार दिवस झाले.

काही फरक नाही. उलट जास्तच. संध्याकाळी धक्क्यावरचे दिवे लागले की त्यांच्याभोवतीसुद्धा पिवळी कडी दिसतात. एवढी धूळ या गावाने खाण चालू असतानाही बघितली नसेल. बाकी कोणी बोलत कसं नाही याचंच मला नवल वाटतं.

काल एक क्षण मनात आलं, लॉर्नाला लिहून टाकावं की ये आणि घेऊन जा. जेवण जात नाही, दुपारी दोन वाजता झोपतो तो पाचला उठतो, आणि उठल्यावर आज कुठला वार ते आठवायला वेळ लागतो. मग मी स्वयंपाकघरातल्या दाराच्या चौकटीकडे बघितलं. या घराची प्रत्येक खोली मी निदान पाच वेळा रंगवली, पण त्या चौकटीला कधी ब्रश लावला नाही, कारण तिच्यावर लॉर्नाची उंची पेन्सिलने लिहिलेली आहे, एनिडच्या अक्षरात. ती चौकट उचलून विटांच्या भिंतीसमोर नेता येणार नाही.

तेव्हा नाही. मी हे झाड हिरवं करणार आणि मी इथेच राहणार. पुढचा उपाय सांग. कडक असला तरी चालेल.

नॅनकिव्हेलबाईंचं कुंपण संपवलं. त्या बराच वेळ बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "किती छान, क्लेम."

क्लेम

ओलिंडा
२९ ऑगस्ट १९७६

प्रिय क्लेम,

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. या झाडाने मला रडवलं नाही, पण झोप उडवली आहे. मी इतक्या वर्षांत पान बघितल्याशिवाय निदान केलेलं नाही, इथेच माझं चुकलं. तेव्हा सगळ्यात पिवळं पान देठापासून काप, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळ, वरून मेणकागद लाव आणि त्याच दिवशी टपालात टाक.

कडक उपाय विचारलास म्हणून सांगते. आमच्याकडे शेवटचा एक उपाय आहे. फर्न काही केल्या सुधारत नसेल तर सगळी पानं मातीलगत कापून टाकायची, एकही ठेवायचं नाही. मूळ धडधाकट असेल तर महिन्या-दीड महिन्यात नवं झाड उभं राहतं. मूळ कुजलेलं असेल तर मग काहीच येत नाही. यात परतीची वाट नाही, म्हणून माझं पत्र येईपर्यंत कात्रीला हात लावायचा नाही. या वेळी महत्त्वाचं आधी लिहिलंय असं समज.

थोरा

मूनटा
४ सप्टेंबर १९७६

प्रिय थोरा,

सोबत पान. सगळ्यात पिवळं निवडलं, खिडकीशी धरून तीनतीनदा बघून.

आणि बाकीची मी कापली. तू रागावशील. पण हिशोब कर. तुझं पत्र येणार दहा-बारा तारखेला, मग कापायचं, मग दीड महिना. तोवर लॉर्ना येऊन मला घेऊनसुद्धा गेलेली असेल. म्हणून काल सकाळी एनिडची शिवणाची कात्री घेतली आणि गुडघ्यांवर बसून सगळं मातीलगत कापलं. बादलीभर पानं निघाली. उठताना टबला धरून उठावं लागलं आणि उठल्यावर डोळ्यांपुढे सगळं फिरलं, ते थांबेपर्यंत तसाच उभा राहिलो.

आता कुंडीत माती आहे आणि काळ्या बारीक देठांची खुरटी दाढी. मला लॉर्नाची ती कात्री आठवली. तेव्हा एनिड रडली होती आणि मी हसलो होतो.

क्लेम

ओलिंडा
८ सप्टेंबर १९७६

प्रिय क्लेम,

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा तू घरी नसशील. लॉर्ना तुला इस्पितळात घेऊन गेलेली असेल. मी तिला आज सकाळी फोन केला. शब्द मोडला. आधी ते लिहून टाकते, महत्त्वाचं आहे.

तुझं पाकीट सकाळी आलं. वर्तमानपत्र उलगडलं आणि आधी चिडले. पान हिरवं होतं. नुसतं हिरवं नाही, आमच्या मंडळाच्या प्रदर्शनात बक्षीस घेईल असं, एक डाग नाही. मला वाटलं, घाईघाईत भलतंच पान गुंडाळलंस. मग तुझं वाक्य पुन्हा वाचलं, "खिडकीशी धरून तीनतीनदा बघून." तू भलतं पान पाठवणारा माणूस नाहीस.

मी ते पान आणि तुझी सगळी पत्रं घेऊन उनाकडे गेले. तिने पान बाजूला ठेवलं आणि पत्रं वाचली. मॅगपायपाशी थांबली. दिव्यांच्या कड्यांपाशी थांबली. मग म्हणाली, "थोरा, झाडाला काही झालेलं नाही. तुझ्या भावाला झालंय. याच्या दोन्ही बाटल्यांत बहुतेक एकच औषध आहे, नावं तेवढी वेगळी." ते औषध जास्त झालं की माणसाला सगळं पिवळं दिसतं, अन्न नकोसं होतं, आणि मग एक दिवस हृदय थांबतं. ती गोळी मूळची फॉक्सग्लोव्हच्या झाडापासून आली, असंही तिने सांगितलं. माझ्या घरामागच्या ओढ्यात ते माजतं, मी दर वसंतात मोळ्या बांधून उपटून टाकते. आणि तुझ्या घरातलं मला ओळखू आलं नाही.

मी नंबर फिरवताना उना बाजूला उभी होती. तुमची घराची अट मला आठवत होती. तरी फिरवला.

गोळ्यांना हात लावू नकोस. कुठल्याच.

थोरा

इस्पितळातून
१७ सप्टेंबर १९७६

थोरा,

तू शब्द दिला होतास.

लॉर्ना शंभर मैल गाडी हाकत आली. दारात उभी राहून एकच म्हणाली, "बाटल्या कुठे आहेत?" तुझ्या उनाचं म्हणणं खरं निघालं, त्याबद्दल तिचे आभार मान. इथल्या डॉक्टरने मनगट धरलं आणि दोनदा घड्याळाकडे बघितलं. म्हणाला, अजून चार दिवस गेले असते तर आपली ओळख झाली नसती.

ते ठीक. पण लॉर्ना आमच्या घरी उतरली आहे, रोज इथे येते, आणि अटीबद्दल एक शब्द काढत नाही. ती बोलली असती तर मी भांडलो असतो. न्हाणीघरात ती रिकामी कुंडी तिने बघितली असणार. माझं झाड हिरवंगार होतं, थोरा. मी जिंकलो होतो. आणि तुझ्या उपायांनी मी ते स्वतःच्या हातांनी कापलं, आणि वर तू माझ्या मुलीला बोलावून घेतलंस. माझं घर तू घालवलंस.

चादरी आज थोड्या कमी पिवळ्या दिसतात. तुला सांगायचं नव्हतं.

क्लेम

ओलिंडा
२२ सप्टेंबर १९७६

प्रिय क्लेम,

रागाव. मी ऐकून घेईन. रागावलेला भाऊ मला चालतो.

पण शब्द मोडल्याची माफी मागणार नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा मोडेन. माफी मागायची आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. मी तुझी पत्रं पुन्हा वाचली. जेवत नाहीस, वाटेत दोनदा टेकलास, वार आठवत नाही. प्रत्येक पत्रात तू मला आजारी असल्याचं सांगत होतास आणि प्रत्येक पत्राला मी कुंडीचा उपाय पाठवत होते. तुझ्या पोटाचं नंतर बघू, असं मी माझ्या हाताने लिहिलंय. ते वाक्य मला रोज दिसतं. आम्ही आधी घराकडे बघतो म्हणून मिरवणारी मी, मला घरात कुंडीच दिसली, तू दिसला नाहीस. मला त्याची लाज वाटते.

लॉर्नाला मी आज सविस्तर पत्र टाकतेय. कात्रीची कल्पना माझी होती, जळलेल्या पातेल्याशी याचा संबंध नाही, आणि दोन बाटल्यांची चूक कुठल्याही वयाचा काटकसरी माणूस करेल, हे तिला कळायला हवं. घर वाचवण्यासाठी जे करता येईल ते करते. तिने नाही ऐकलं तर मी स्वतः येऊन तुझ्या व्हरांड्यात बसेन, बघू कोण सामान बांधतं.

आणि ऐक, रिकामी कुंडी म्हणजे मेलेली कुंडी नव्हे. मूळ चांगलंच असणार, पानं सांगत होती. कोणाला तरी माती ओली ठेवायला सांग. मी चुकीचा रोगी तपासला, पण फर्न मला कळतात.

थोरा

मूनटा
१२ ऑक्टोबर १९७६

प्रिय थोरा,

घरी आलो त्याला अठरा दिवस झाले. एवढे दिवस लिहिलं नाही, कारण सुट्टी संपेपर्यंत काय लिहायचं तेच कळत नव्हतं. काल संपली. आता सगळं सांगतो.

इस्पितळातून येताना गाडी नॅनकिव्हेलबाईंच्या दारावरून गेली आणि मी लॉर्नाला म्हटलं, थांबव. त्यांचं कुंपण निळं आहे. पांढऱ्यातला निळा नव्हे, आकाशासारखा निळा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. बाई बागेत होत्या. मी म्हटलं, "तुम्ही बोलला का नाहीत?" तर म्हणाल्या, "तुम्ही इतकं मन लावून रंगवत होता, क्लेम. आणि मला हळूहळू आवडायला लागलं." मी पुन्हा रंगवतो म्हटलं तर ब्रश हातात देत नाहीत. झाडाबद्दल त्या पहिल्या दिवसापासून खरं सांगत होत्या, ही गोष्ट मला फार लागली.

घरात आलो. सरळ न्हाणीघरात गेलो. कुंडी नव्हती. व्हरांड्यातही नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला, लॉर्नाने किटली उचलली आणि मागच्या दाराने निघाली. मी विचारलं, "फेकलीस ना?"

"काय?"

"तुझ्या आईची कुंडी."

तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "या." टाकीच्या मागे, जिथे नळाची गळती होते आणि जमीन कायम ओली असते, तिथे तिने कुंडी ठेवली होती, भोवती पोत्याचा आडोसा करून. उन्हाळ्यात झाड कोमेजलं की एनिड दोन-चार दिवस तिथेच ठेवायची. तुलाही माहीत नाही, मलाही नव्हतं. मी चाळीस वर्षं घरांचे पुढचे भाग रंगवले, मागे काय चालतं ते बघितलं नाही. लॉर्ना खाली बसली आणि किटलीतला थंड चहा हळूहळू, कडेकडेने ओतला. अगदी तिच्या आईसारखा. मातीतून चार बारीक, गुंडाळलेले कोंब वर आले होते.

मी म्हटलं, "अट होती हिरवंगार. हे चार कोंब आहेत. मी हरलो. सामान बांधतो."

ती उठलीच नाही. तशीच बसून म्हणाली, "डॅड, अट मी घातली. पण मला ती जिंकायची नव्हती. तुम्ही इस्पितळात होतात तेव्हा मी रोज रात्री जेवायच्या आधी इथे येऊन बघायचे, काही आलं का. पंधरा दिवस नुसती माती. मी त्या मातीशी भांडले. तुम्हाला इथून काढलं तर तुमचं काय होईल ते मला कळतं हो. मला फक्त भीती वाटत होती." मग ती रडली. आणि मीही रडलो, लपवत नाही.

थोरा, मी ते सगळे आठवडे तिच्यापासून झाड लपवत होतो. आणि ती माझ्याच बाजूने होती.

आता नवी अट ऐक. मी इथेच राहणार. गोळ्यांची बाटली घरात एकच राहील आणि ती नॅनकिव्हेलबाई रोज सकाळी चहाला येऊन स्वतः बघतील. त्यांना छान म्हणायची सवय आहे म्हणून लॉर्नाने त्यांना गोळ्या मोजायला शिकवलंय. ती दर पंधरा दिवसांनी येणार. तुझं पत्र तिने मला वाचून दाखवलं. व्हरांड्यात येऊन बसायची धमकी देऊ नकोस, नुसती ये. खोली मी पांढरी रंगवून ठेवतो, डबा या वेळी लॉर्ना तपासेल.

चहा चालू राहील. एनिडला जे सांगायचं राहिलं ते तू इथे येऊन कुंडीला सांग.

आज सकाळी मोजलं, अकरा पानं आहेत. सर्वांत नवी दोन किंचित तांबूस, कडेने. कोवळी पानं आधी तांबूस येतात हे मी पंचेचाळीस वर्षांत कधी बघितलं नव्हतं. बाकीची नऊ हिरवी. मला दिसली, म्हणून लगेच विश्वास ठेवला नाही. लॉर्ना निघाली होती, गाडीत बसली होती, तिला काचेवर टकटक करून परत बोलावलं आणि विचारलं, "रंग सांग." तिने सांगितला, मग मी तिला जाऊ दिलं.

तुझा
क्लेम